आठवड्याला २० तास: कम्युनिटी कॉलेजातल्या स्टुडंट वर्करची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज) लायब्ररीत जा, ट्युटरिंग सेंटरला जा नाहीतर फायनान्शियल एडच्या ऑफिसात, फ्रंट डेस्कला बसलेलं पोरगं बहुतेक तिथेच शिकणारं असतं, आणि याचे तास २० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत हे त्याच्या सुपरवायझरला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. का, तर म्हणे फेडरल रूल आहे. आता सगळ्या स्टुडंट वर्करना सरसकट लागू होईल असा २० तासांचा फेडरल रूल शोधायला गेलात तर तो सापडत नाही. मग हा आकडा एवढा घट्ट बसला कसा?

जुना भाग पटकन सांगते. महामंदीत, १९३५ ला, सरकारने शिकणाऱ्या मुलांना पार्टटाइम काम द्यायची योजना काढली, कॉलेजात शिकणाऱ्यांना महिन्याला साधारण १५ डॉलर मिळायचे. १९४३ ला ती गुंडाळली. पण टेक्सासमध्ये ती योजना राबवायला जो २६ वर्षांचा तरुण नेमला होता (स्वतः कॉलेजात झाडूपोछा करून शिकलेला) तोच, म्हणजे लिंडन जॉन्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यावर त्यानेच सही केली, ज्यातून आजची वर्क-स्टडी, म्हणजे सरकारी मदतीवर चालणारी विद्यार्थ्यांच्या पार्टटाइम कामाची योजना, सुरू झाली. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना काम मिळावं हा मूळ हेतू. आज पगारातला साधारण ७५ टक्के वाटा केंद्र देतं, २५ टक्के कॉलेज. वाटपाचं सूत्र मात्र पूर्वीपासून पैसे मिळणाऱ्या कॉलेजांना सांभाळून घेणारं, त्यामुळे गरीब मुलं कम्युनिटी कॉलेजांत आणि निधीत झुकतं माप जुन्या खासगी कॉलेजांना, असं वर्षानुवर्षं चाललंय.

तर ते २० तास. वर्क-स्टडीच्या नियमांत तासांची मर्यादा नाही, मुलाला मंजूर झालेल्या रकमेच्या पलीकडे जायचं नाही एवढंच. स्पष्ट लिहिलेले २० तास आहेत ते एफ-१ व्हिसाला (परदेशातून शिकायला येणाऱ्यांचा व्हिसा), सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर २०, सुट्टीत फुल-टाइम. आणि गंमत अशी की एफ-१ वाल्यांना वर्क-स्टडी मिळतच नाही! म्हणजे एकाच्या व्हिसाची अट दुसऱ्याच्या योजनेला चिकटली. त्यात टॅक्सचं वेगळंच. १९३९ पासून सवलत आहे की मूल ज्या कॉलेजात शिकतं तिथेच काम करत असेल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचं पेन्शन आणि आरोग्य विमा) ७.६५ टक्के पगारातून कापायचे नाहीत, कॉलेजनेही तेवढे भरायचे नाहीत. पण अट अशी की तो आधी विद्यार्थी हवा, मग कामगार. २००५ पासून लागू झालेल्या नियमात आठवड्याला ४० तास काम करणारा विद्यार्थी धरायचाच नाही असं ठरलं. आणि आधी विद्यार्थी हवा या अटीमुळेच उन्हाळ्यात क्लास न घेता काम करणाऱ्या पोराचा जुलैचा चेक अचानक कमी येतो आणि तो सुपरवायझरकडे येऊन विचारतो, माझा रेट कमी केला का.

पण खरी कात्री लागली ती आरोग्य विम्याच्या कायद्याने, आणि माझ्या मते सगळ्यात चुकलेला निर्णय इथलाच. २०१० च्या कायद्यात सरासरी ३० तास म्हणजे फुल-टाइम, आणि मोठ्या संस्थेने फुल-टाइम माणसांना विमा देऊ केला नाही तर दंड. मग विद्यार्थी कामगारांचं काय? कॉलेजांचं म्हणणं होतं सगळ्यांनाच वगळा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतिम नियम आले त्यात वर्क-स्टडीचे तास वगळले, बाकी विद्यार्थ्यांचे तास मात्र मोजायचे. झालं! एकच मुलगी लायब्ररीत १५ तास आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये १८ तास करत असेल तर बेरीज ३३, आणि या दोन सुपरवायझरांना एकमेकांचा पत्ताही नसतो. ही बेरीज रोज कोण करत बसणार, म्हणून एचआरने सोपा मार्ग काढला, सरसकट कॅप. कुठे १९, कुठे २०, कुठे २५, कुठे २८. विमा टाळायला केलं असं उघड कुणी म्हणत नाही, "अभ्यासावर परिणाम होऊ नये म्हणून" असं लिहितात. अभ्यासाची काळजी खरी असेलही, पण भाडं तर भरावंच लागतं, मग तीच मुलगी उरलेले तास वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करते, जिथे परीक्षा आहे म्हणून शिफ्ट बदलून द्यायला कुणी बसलेलं नाही. दंडाची भीती अगदीच खोटी होती असं नाही, पण तिची किंमत तासावर पगार घेणाऱ्या पोरांनी दिली.

सुपरवायझरला कॅपपेक्षा जास्त डोकं खातं ते मंजूर रकमेचं गणित. समजा ३००० डॉलर मंजूर झालेत आणि रेट १५ डॉलर, म्हणजे २०० तास. आठवड्याला २० दिले तर दहा आठवड्यांत खडखडाट आणि सेमिस्टर सोळा आठवड्यांचं, ऐन फायनलच्या गर्दीत डेस्क रिकामं. म्हणून जाणते लोक सुरुवातीपासून बारा-साडेबाराच देतात. टाइमशीट मुलाच्या टाइमटेबलशी जुळवून बघायचं, क्लासच्या वेळात काम दिसलं तर ऑडिटवाले पकडतात, सर आले नाहीत म्हणून क्लास रद्द झाला असेल तर त्याचा कागद ठेवायचा. १९८६ पासून आय-९ आहे (अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का हे तपासायचा फॉर्म), पगारी काम सुरू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत मूळ कागदपत्रं बघायची, आणि निम्मी मुलं पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन येतात. शिवाय १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे डेस्कवरच्या पोराला वर्गमित्राचे मार्क दिसू शकत असतील तर आधी लेखी हमी घेण्याची पद्धत पडली आहे.

आपल्या मराठी घरांत याचा एक फटका बसतो तो कॉलेज सुरू झाल्यावरच कळतो. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मूल एच-४ या त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, शाळा इथेच झाली, कम्युनिटी कॉलेजला ॲडमिशनही मिळाली, पण कॅम्पसवर पुस्तकं लावायचं कामसुद्धा करता येत नाही. २०१५ ला एच-४ वर वर्क परमिट सुरू झालं ते काही जोडीदारांना, मुलांना नाही. मग कुणी एफ-१ वर जातं, कुणी ग्रीन कार्डची वाट बघतं. इकडे पुण्याहून थेट एफ-१ वर आलेल्याला तेच काम मिळतं. "कमवा आणि शिका" बघत मोठे झालेल्या आईबापांना हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

२०२० ला कॅम्पस बंद पडले तेव्हा काम करता येत नसलं तरी वर्क-स्टडीचे पैसे देत राहायची मुभा मिळाली, ट्युटर झूमवर गेले, फ्रंट डेस्कवाल्यांना काय काम द्यायचं हे मात्र सुपरवायझर शोधत बसले. नंतरचा ताण पगाराचा. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय, पण कॅलिफोर्नियात २०२५ ला ते १६.५० झालं, आणि रेट वाढला तरी मंजूर रक्कम तेवढीच, म्हणजे तास कमी. त्यातच २०२५ मध्ये आलेल्या फेडरल बजेट प्रस्तावात वर्क-स्टडीतून ९८ कोटी डॉलर कापायचं आणि पगाराचा मोठा भार कॉलेजांवर टाकायचं सुचवलं गेलं. मोठ्या युनिव्हर्सिट्या कुठून तरी भरून काढतीलही, पण लोकल टॅक्स आणि राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात तसं झालं तर आधी संध्याकाळचं ट्युटरिंग जाईल, दिवसभर नोकरी करून सहानंतर येणाऱ्यांचं.