आधी पानं, मग वाढप: क्यूएमयूतल्या अॅरे प्रॉपर्टीची पार्श्वभूमी

अंबड एमआयडीसीत आमचं चार टेबलांचं ऑफिस आहे. पॅनेलमध्ये बसणाऱ्या कंट्रोल कार्डांचं फर्मवेअर आम्ही लिहितो. कार्ड हातात यायला उशीर होणार हे ठरलेलंच असतं, म्हणून तोवर कोड क्यूएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभ्या केलेल्या खोट्या बोर्डावर चालवून बघायचा. गेल्या पावसाळ्यात इंटर्नशिपला आलेल्या मुलीला नेटवर्क स्विचचा सराव करायचा होता. मी तिला माझी २०१९ सालची वही दिली. त्यात रॉकर नावाच्या आभासी स्विचसाठी क्यूएमयूला द्यायची एक ओळ होती: स्विचला दोन पोर्ट, पहिलं नेट० ला जोडलेलं, दुसरं नेट१ ला. देवनागरीत लिहायची तर अशी:

रॉकर,लेन-पोर्ट्स=२,पोर्ट्स[०]=नेट०,पोर्ट्स[१]=नेट१

पाच मिनिटांत ती परत आली. "सर, अशी प्रॉपर्टीच नाही म्हणतोय."

वहीतली ओळ चुकीची नव्हती. तिच्या मागचा सगळा कारभारच मधल्या काळात बदलला होता. हे टिपण त्या बदलाबद्दल आहे. चौकोनी कंसातल्या त्या शून्य-एकला दहा वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सगळा एकाच गोष्टीभोवती फिरतो: क्रम.

फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूएमयू सुरू केला तेव्हा प्रत्येक बोर्डाचा कोड आपापल्या पद्धतीने उपकरणं जोडत असे. २००९ मध्ये पॉल ब्रूक यांनी क्यूडेव्ह आणलं आणि उपकरणांना जरा शिस्त लागली. प्रत्येक उपकरणाची एक स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीतला कप्प्यांचा गठ्ठा, आणि तिच्यातल्या ठरावीक फील्डला, म्हणजे कप्प्याला, बाहेरून दिसणारं नाव म्हणजे प्रॉपर्टी. नाव, प्रकार आणि स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून ते फील्ड किती बाइट्सवर आहे तो आकडा, एवढं तक्त्यात लिहिलं की काम झालं. २०११ च्या अखेरीस अँथनी लिग्वोरी यांनी ऑब्जेक्ट मॉडेल मांडलं, तेच क्यूओएम. वारसा, इंटरफेस, उपकरणांचं एकच झाड, आणि झाडातल्या कुठल्याही गाठीला नावाने प्रॉपर्टी. क्यूडेव्ह मोडीत निघालं नाही, ते या नव्या पायावर उचलून ठेवलं गेलं. जुन्या वाड्याखाली नवा पाया घालावा तसा हा प्रकार. वाडा उभा राहतो, पण मजल्यांच्या उंच्या जुळत नाहीत.

न जुळणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे अॅरे, एकाच प्रकारच्या घटकांची ओळीने मांडलेली यादी. तक्त्यातल्या प्रॉपर्टीला फील्डची जागा आधीच माहीत असावी लागते. किती घटक येणार हेच माहीत नसेल, तर जागा सांगणार कुठली?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. आर्मच्या व्हर्सटाइल एक्सप्रेस बोर्डावर मुख्य पाटीवर एक छोटी पाटी बसते, डॉटरबोर्ड. प्रोसेसर त्या छोट्या पाटीवर असतो, आणि तिच्यावर किती व्होल्टेज मोजायची ठिकाणं आणि किती क्लॉक, म्हणजे ठेका देणारे सिग्नल, आहेत हे पाटीगणिक वेगळं. क्यूएमयूच्या कोडात ए-९ प्रोसेसरच्या पाटीला ६ व्होल्टेज आणि ३ क्लॉक आहेत. ए-१५ च्या पाटीला व्होल्टेज एकच, ०.९ व्होल्टचं, पण क्लॉक ९. हे सगळं सांगणारा सिस्टिम कंट्रोलर मात्र दोन्हींना एकच. म्हणजे त्या एका मॉडेलला कधी सहाची यादी द्यायची, कधी एकाची.

२०१३ मध्ये पीटर मेडेल यांनी यावर जी तोड काढली ती मला आजही हुशारीची वाटते, जुगाड असली तरी. त्यांनी अॅरे म्हणून काही दिलंच नाही. त्यांनी दिली एक साधी आकड्याची प्रॉपर्टी, जिचं नाव 'लेन-' (लेंग्थ, म्हणजे लांबी) या उपसर्गाने सुरू होतं. तिच्यात संख्या भरली की तेवढी मेमरी घेतली जायची आणि त्याच क्षणी प्रत्येक घटकासाठी एक नवी प्रॉपर्टी जन्माला यायची: व्होल्टेज[०], व्होल्टेज[१], पुढे तसंच. चौकोनी कंस हा गणिताचा कंस नव्हता, नावातलंच एक अक्षर होतं. क्यूओएमच्या लेखी 'व्होल्टेज[०]' आणि 'व्होल्टेज[१]' यांचं नातं 'कांदा' आणि 'द्राक्ष' यांच्याइतकंच.

मंगल कार्यालयात पंगत बसते तेव्हा आधी पानं मांडतात, मग वाढपी निघतो. मेडेल यांच्या रचनेत लांबी सांगणं म्हणजे पानं मांडणं. पानं एकदाच मांडायची. लांबी दुसऱ्यांदा सांगितली तर स्पष्ट एरर. आणि पान नसताना वाढायला गेलात तर जमिनीवर, म्हणजे 'अशी प्रॉपर्टी नाही'.

मग यादीच का नाही दिली? प्रॉपर्टीत किंमत घालणारी-काढणारी व्हिजिटर नावाची यंत्रणा तेव्हाही होती आणि तिला यादी वाचता येत होती. अडचण दारातच होती. कमांड लाइनवरून येणारा मजकूर क्यूएमयू-ऑप्ट्स नावाच्या सपाट साच्यातून यायचा: नाव बरोबर किंमत, स्वल्पविराम, पुन्हा नाव बरोबर किंमत. त्या साच्यात यादीला जागाच नव्हती. पण एक गोष्ट तो साचा न सांगता करत होता. ज्या क्रमाने तुम्ही लिहिलं, त्याच क्रमाने तो पुढे देत होता. लांबी आधी लिहिली की लांबी आधी पोचायची. हा क्रम कुणी वचन म्हणून दिला नव्हता, तो आपोआप मिळत होता, आणि अॅरे प्रॉपर्टी त्याच्याच जिवावर उभी होती.

जाता जाता एक शेजारची गोष्ट. क्यूओएममध्ये सगळ्या प्रॉपर्टी सुरुवातीला एका साध्या साखळीत असत, आणि नवी घालताना नाव आधी कुणी घेतलंय का हे साखळीभर बघावं लागे. आर्मच्या जीआयसीव्ही३ या इंटरप्ट कंट्रोलरला, म्हणजे उपकरणांचे इशारे सीपीयूपर्यंत पोचवणाऱ्या भागाला, सीपीयू वाढले की पिना वाढतात, आणि दर पिनेमागे एक प्रॉपर्टी. १६ सीपीयूंना क्यूएमयू सुरू व्हायलाच काही सेकंद लागू लागले. २०१५ मध्ये म्हणून साखळीच्या जागी हॅश टेबल, म्हणजे नावावरून एक आकडा (हॅश) काढून त्यावरून थेट जागा गाठणारा तक्ता, सुचवलं गेलं आणि ते घेतलंही. शोध झटपट झाला. हॅश टेबलमध्ये मात्र आधी कोण, नंतर कोण याला अर्थ नसतो. तिथे त्याने काही बिघडलं नाही, कारण तिथे क्रमावर कुणी विसंबलं नव्हतं.

बिघडलं २०२१ मध्ये. ६.२ या आवृत्तीपासून उपकरणाचं वर्णन कमांड लाइनवर जेसनमध्ये, म्हणजे कंसात कंस घालून माहिती लिहायच्या पद्धतीत, देता येऊ लागलं. त्यासाठी उपकरण उभारण्याचा आतला मार्ग क्यूएमयू-ऑप्ट्सवरून क्यूडिक्ट या नाव-किंमतीच्या आतल्या कोशावर नेला. दिशा योग्यच होती. जेसनमधला खोल मजकूर सपाट साच्यात कोंबण्यात हशील नव्हतं. पण क्यूडिक्टही हॅश टेबलच. तुम्ही लांबी आधी लिहा की नंतर, बाहेर कोण आधी पडेल हे नावाच्या अक्षरांच्या हॅशवर ठरणार. पानं मांडायच्या आत वाढपी पंगतीत शिरू शकत होता. आणि नाव तेच तर हॅशही तोच, त्यामुळे एकदा फसलेली कमांड पुन्हा चालवून पाहण्यातही अर्थ नव्हता.

दुरुस्त व्हायला दोन वर्षं गेली. कारण, माझ्या मते, ज्यांना दुखलं ते थोडे होते. व्हर्सटाइल एक्सप्रेससारखे बोर्ड ही अॅरे आतून, सी कोडातून, एकेक ओळ क्रमाने भरत होते. त्यांना क्यूडिक्टचा वाराही लागला नाही. बाहेरून अॅरे देणारं ठळक उपकरण म्हणजे रॉकर, आणि रॉकर रोज चालवणारे लोक असे किती असणार? माझी स्वतःची ओळ वहीत पडूनच होती, म्हणून मलाही पत्ता नव्हता.

२०२३ च्या नोव्हेंबरात केविन वुल्फ यांनी हे मुळापासून बदललं. 'लेन-' गेलं. बाहेरून दिसणाऱ्या कंसातल्या नावांच्या प्रॉपर्टी गेल्या. आता 'पोर्ट्स' ही एकच प्रॉपर्टी, आणि ती यादी घेते. व्हिजिटर यादी वाचत जातो, घटक मेमरीत बसत जातात, शेवटी मोजणी होऊन लांबी आपोआप ठरते. क्रम यादीच्या आत असतो, जिथे त्याला अर्थ आहे. बोर्डांच्या कोडातही 'लांबी ठेव, मग नाव जुळवून एकेक ठेव' ही कसरत काढून एका फंक्शनला पूर्ण यादी देण्याची सोय झाली. जुळवलेली नावं तयार करायला लागणारं स्ट्रिंग-छपाईचं लफडंही त्यातच मिटलं. हे सगळं ८.२ मध्ये आलं.

मुलीला मी नवी ओळ लिहून दिली: महिरपी कंसात 'ड्रायव्हर' रॉकर, 'पोर्ट्स' समोर चौकोनी कंसात नेट० आणि नेट१, आणि सगळ्याला बाहेरून एकेरी अवतरण, नाहीतर शेल, म्हणजे कमांड आधी वाचणारा प्रोग्रॅम, त्यात नाक खुपसतो. "पण जुन्यासारखं स्वल्पविरामाने नाही का लिहिता येणार?" नाही. डिस्क जोडायच्या ब्लॉकडेव्ह या पर्यायाला टिंबाच्या पद्धतीने, 'पोर्ट्स.०' अशा धाटणीने, यादी देता येते, पण उपकरण जोडायच्या डिव्हाइस या पर्यायाच्या साध्या लिखाणाला अजून जुनाच साचा आहे. तो बदलला तर गेल्या कित्येक वर्षांच्या लोकांच्या स्क्रिप्ट मोडायची भीती, म्हणून तूर्त जेसनच.

स्विच सुरू झाला. तिने उत्सुकतेने उपकरणांचं पूर्ण झाड छापून पाहिलं आणि बोट ठेवलं: डिव्हाइस[०], डिव्हाइस[१], डिव्हाइस[२].

"ही तरी अॅरे आहे ना, सर?"

ज्याला कुणी पालक दिलेला नाही अशा उपकरणाला क्यूएमयू एक काउंटर वाढवत नाव चिकटवतो. कंस तिथे अजूनही नावातलं अक्षरच आहे.