सेप्सिसमधली कावीळ आणि यकृताची घुसमट

निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीत कोयता लागणं किंवा खानापूरकडे भातलावणीत पायाला चिखल्या होणं, याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. हळद दाबायची, फडकं बांधायचं आणि परत शेतात. बहुतेकदा जखम भरूनही येते. पण कधी पाय सुजतो, हुडहुडी भरून ताप चढतो, धाप लागते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि डोळे पिवळे दिसतात. मग घरात ठरतं, "मामांना कावीळ झालीय, आधी औषध पाजून आणूया." हा फेरा जिवावर बेततो. कारण ही वेगळी कावीळ नसून सेप्सिस यकृतापर्यंत पोचल्याची खूण असू शकते.

संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिकार ताळतंत्र सोडतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, तो सेप्सिस. त्यात यकृताचं काय होतं, हे कळायला त्याचा रक्तपुरवठा आधी पाहावा लागतो.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं यकृताच्या रोहिणीतून. शिरेतल्या रक्तातला थोडा ऑक्सिजन आतड्यांनी आधीच वापरलेला असतो. त्यामुळे रक्ताची वाटणी ७५-२५ असली, तरी ऑक्सिजन दोन्हीकडून साधारण निम्मा-निम्मा येतो. एरवी शिरेतला प्रवाह घटला की ॲडेनोसिन हे रसायन वाहून न जाता तिथंच साठतं, त्यानं रोहिणी रुंदावते आणि तूट बरीचशी भरून निघते. सेप्सिसमध्ये नेमकी हीच सोय लंगडी पडते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

खरी पंचाईत मात्र याच्याही आत, यकृतपेशींच्या रांगांमधून जाणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत होते. त्यांचं अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी चिकटून बसतात, बारीक गुठळ्या होतात. एंडोथेलिन नावाचं रसायन काही वाहिन्या आवळतं. हिडकल धरणाचा कालवा भरून वाहत असावा आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, उसाला पाणी पोचू नये, तशी गत होते. यकृताकडे येणारं एकूण रक्त कधी नेहमीइतकं, कधी जास्तही असतं, तरी काही पेशी उपाशी राहतात. त्यात तापामुळे आणि जंतूंशी चाललेल्या लढाईमुळे ऑक्सिजनची गरज वाढलेली. रक्त बाहेर पडतं त्या मधल्या शिरेजवळच्या पेशींना एरवीही सर्वांत कमी ऑक्सिजन मिळतो. पहिला फटका त्यांनाच बसतो.

म्हणून "बीपी बरं आहे" एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. आयसीयूत रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींवर ताण आला की वाढणारं रसायन, पुन्हा पुन्हा तपासतात ते यासाठीच. सेप्सिसमध्ये ते जास्त तयार होतं आणि ते साफ करण्यात ज्याचा मोठा वाटा, ते यकृतच थकलेलं असतं. रक्तदाब फार घसरला तर इजा झालेल्या यकृतपेशींतून रक्तात सांडणारी एन्झाइम्स हजारांच्या घरात जातात.

पिवळेपणाला मात्र ऑक्सिजनची टंचाई हे एकच कारण नसतं. दाहाच्या रसायनांमुळे यकृतपेशींचं पित्त बाहेर टाकण्याचं काम मंदावतं आणि बिलिरुबिन हे पित्तातलं पिवळं द्रव्य रक्तात साठतं.

उपचार यकृताच्या टॉनिकने होत नाही. संसर्ग आटोक्यात आणायचा, पू साठला असेल तर काढायचा, सलाईन द्यायचं, गरज पडली तर नॉरॲड्रेनालिन या औषधाने रक्तदाब सावरायचा. शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब धोकादायक घसरलेल्या, रुग्णाला अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासातच मिळायला हवं. तेव्हा ताप, धाप, भ्रम, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं, तर बेळगावचं किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. तिथं गेल्या गेल्या सांगा, "आठ दिवसांमागं पायाला कोयता लागला होता." बरी होत आलेली छोटी जखम सांगायची राहून जाते आणि डॉक्टरांना तीच माहिती हवी असते.

ताप उतरला, माणूस जेवू लागला, तरी डोळे काही दिवस पिवळे राहू शकतात. बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला पक्का चिकटलेला असतो आणि ते प्रथिन रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे ३ आठवडे लागतात. त्या दिवसांत काविळीचा पाला पाजू नका. नुकत्याच सावरलेल्या यकृताला तो बाधू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त तपासून घ्या.