झेंडा, टेकडी आणि घड्याळ : जागा राखण्याच्या खेळामागची पार्श्वभूमी

नागपुरात फोनवर नेमबाजीचे टीम गेम खेळणाऱ्या बहुतेकांचा हात टीम डेथमॅच आणि बॅटल रॉयलवर बसलेला आहे. एकात किल मोजले जातात, दुसऱ्यात शेवटपर्यंत जगणं. तीच सवय घेऊन डॉमिनेशन (नकाशावरचे झेंडे ताब्यात ठेवायचा खेळ) किंवा हार्डपॉइंट (फिरती जागा राखायचा खेळ) यांत उतरलं, की यादीत सगळ्यात वर असलेल्याचे ३५ किल दिसतात आणि टीम मात्र हरलेली असते. नेम चुकल्यामुळे हे फार क्वचित घडतं. इथे गुण वेळेचे मिळतात, आणि ती वेळ कशी मोजायची याचे नियम वेगवेगळ्या गेममध्ये वेगवेगळ्या कारणांनी ठरत गेले. आज ज्या चाली जिंकून देतात, त्यातली जवळपास प्रत्येक एखाद्या जुन्या नियमातून निघालेली आहे.

सुरुवात झाली ती दडून बसणाऱ्यांच्या त्रासातून. साध्या डेथमॅचमध्ये कोपऱ्यात बसून येणाऱ्याला टिपणं फायद्याचं असतं, त्यामुळे दोन्ही बाजू बसून राहिल्या की खेळ थांबतो. लोकांना उघड्यावर यायला भाग पाडायचं, तर उघड्यावरच्या जागेला किंमत द्यावी लागते. बंजी कंपनीच्या १९९५च्या ‘मॅरेथॉन २’मध्ये ‘किंग ऑफ द हिल’ होता : ठरलेल्या जागेवर जो जास्त वेळ उभा राहील तो जिंकला. १९९९च्या ‘अनरियल टूर्नामेंट’मध्ये डॉमिनेशन आलं. तीन पॉइंट, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागा, आणि पॉइंट घ्यायला नुसता स्पर्श पुरे. इथे थांबण्यात काहीच हशील नव्हतं. तिन्ही पॉइंटवरून फेरी मारत राहणारी टीम पुढे जायची. स्पर्शाने पॉइंट मिळतो अशा कोणत्याही गेमला हे आजही लागू आहे. तिथे पहारा देत उभा राहिलेला खेळाडू म्हणजे टीमचा एक माणूस कमी.

‘अनरियल टूर्नामेंट २००३’ने लगेच दुसरा प्रयोग केला. पॉइंट दोनच, पण दोन्ही सलग १० सेकंद ताब्यात राहिले तरच गुण. समोरच्याने एकाला हात लावला की मोजणी मोडली. एका जागी गर्दी करणाऱ्या टीमचं या नियमाने कंबरडंच मोडलं, कारण दोन तुकड्या आणि त्यांच्यात सतत बोलणं याशिवाय गुणच मिळेना.

खरी उलथापालथ मात्र सप्टेंबर २००२मध्ये ‘बॅटलफील्ड १९४२’च्या कॉन्क्वेस्ट या खेळप्रकाराने केली. तिथे झेंडा घेतला की मेलेले साथीदार त्या झेंड्यापाशी पुन्हा उभे राहू लागले. म्हणजे झेंडा नुसता गुण देईना, पुढच्या हल्ल्याची जागाही देऊ लागला. शिवाय प्रत्येक टीमकडे तिकिटांचा साठा असायचा. मेलेला माणूस परत आला की एक तिकीट कमी, आणि समोरच्यांकडे जास्त झेंडे असले की तुमची तिकिटं आपोआप गळायला लागायची. आमच्या मते या प्रकारच्या खेळाच्या इतिहासात याहून मोठा बदल झालेला नाही. रिस्पॉनची, म्हणजे मेल्यावर पुन्हा उभं राहण्याची, जागा म्हणजेच खरी जमीन, ही समज इथून पुढे सगळ्या गेमनी उचलली.

२००५च्या ‘बॅटलफील्ड २’ने स्क्वॉड, म्हणजे टीममधल्या लहान तुकड्या, आणले. स्क्वॉडचा म्होरक्या जिवंत असेल तर बाकीचे त्याच्याजवळ उतरू शकायचे, आणि मेडिकने उठवलेल्या साथीदाराचं तिकीट वाचायचं. म्होरक्याने झेंड्याच्या मधोमध उभं राहून लढायचं नसतं, शेजारच्या भिंतीआड जिवंत राहायचं असतं, हा धडा तिथला. आजही नवे खेळाडू नेमकं उलट करतात : सगळ्यात चांगला नेम असलेला सगळ्यात पुढे धावतो, पहिला मरतो, आणि बाकीच्यांना नकाशाच्या दुसऱ्या टोकापासून चालत यावं लागतं.

नोव्हेंबर २००७मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ आला, आणि फोनवर आज जे डॉमिनेशन खेळलं जातं त्याचा साचा तिथे पक्का झाला. झेंडे तीन : ए, बी, सी. ए आणि सी दोन टोकांना, बी मध्ये. एकट्याने झेंडा घ्यायला १० सेकंद, सोबतीला माणूस आला की त्याहून कमी. ताब्यातल्या प्रत्येक झेंड्यामागे दर ५ सेकंदांना १ गुण, आणि २०० गुणांवर सामना.

हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत. दोन झेंडे धरले तर मिनिटाला २४ गुण, म्हणजे २०० गुण व्हायला ८ मिनिटं २० सेकंद. तेवढ्या वेळात एक झेंडा धरणाऱ्या समोरच्या टीमचे १०० होतात. दोन झेंडे शेवटपर्यंत राखले तर निम्म्या फरकाने सामना खिशात, तिसऱ्याची गरजच नाही. तरीही तिसरा दिसला की पाय शिवशिवतात, आणि तिथेच गणित बिघडतं. तिन्ही झेंडे ३० सेकंद ताब्यात राहिले तर दोन्ही टीममधलं अंतर नेहमीपेक्षा १२ गुणांनी जास्त वाढतं. पण या गडबडीत एक झेंडा गेला आणि ३० सेकंद तुमच्याकडे एकच उरला, तर तेवढेच १२ गुण उलट फिरतात. फायदा-तोटा सारखा दिसतो, पण शक्यता सारखी नसते. गेम खेळाडूंना शक्यतो आपल्या झेंड्यांजवळ आणि शत्रूपासून लांब उभं करतो. तुम्ही बी आणि सी धरून असताना चौघे ए वर चढलात, तर समोरच्यांना ए जवळ उभं करणं गेमला जमत नाही. तो त्यांना तुमच्या पाठीमागे, सी कडे टाकतो. याला पोरं ‘स्पॉन फिरला’ म्हणतात. रिकामा सी त्यांना आयता मिळतो, आणि बी दोन्हीकडून माऱ्यात येतो.

म्हणून पाच जणांच्या टीममध्ये मांडणी साधारण अशी ठेवतात. सुरुवातीला एकाने घरचा झेंडा घ्यायचा, चौघांनी थेट बी गाठायचा. बी मिळाला की दोघांनी त्याच्या येण्याच्या वाटा धरायच्या, एकाने घरच्या झेंड्याकडे नजर ठेवायची, आणि उरलेल्या दोघांनी तिसऱ्या झेंड्याच्या अलीकडे थांबून समोरच्यांना बाहेर पडू द्यायचं नाही. अलीकडे म्हणजे अलीकडेच. ओळखीच्या एखाद्या भिंतीची किंवा गाडीची खूण ठरवून घ्यावी आणि तिच्या पुढे पाऊल टाकू नये.

झेंड्यावर किती माणसं उभी करायची, याचं उत्तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘टीम फोर्ट्रेस २’ने आकड्यांत दिलं होतं. तिथे दोघे उभे राहिले तर वेग दीडपट होतो, तिघे राहिले तर १.८३ पट. एकट्याला १२ सेकंद लागणारा पॉइंट दोघांना ८ सेकंदांत मिळतो, तिघांना साडेसहात. तिसऱ्या माणसाने वाचवलेला दीड सेकंद एका हातबॉम्बमध्ये तिघांचा जीव घालवण्याच्या लायकीचा नाही. तिसऱ्याने बाहेर दारावर राहावं. प्रत्येक गेमचं गुणोत्तर वेगळं असलं, तरी ही विभागणी बहुतेक ठिकाणी चालते.

मग २०१२मध्ये ‘ब्लॅक ऑप्स २’ने हार्डपॉइंट आणला : जुना ‘किंग ऑफ द हिल’, पण टेकडी फिरती. दर ६० सेकंदांनी जागा बदलते, ताब्याच्या प्रत्येक सेकंदाला १ गुण, २५० गुणांवर सामना. दोन्ही टीमचे लोक आत असतील तर कोणालाच काही मिळत नाही. आत एक माणूस असो की चार, गुण सेकंदाला एकच. या एका ओळीत सगळा डाव आहे. एक जण आत, फार तर दोन, आणि बाकीचे बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे, हे सीताबर्डीचा किल्ला पाहिलेल्या नागपूरकराला पटकन कळेल. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ची लढाई तिथल्या जवळजवळच्या दोन टेकड्यांवर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली, आणि तिथून मोठी टेकडी थेट तोफांच्या माऱ्यात आली. धाकटी परत मिळवल्यावरच इंग्रजांची बाजू सावरली. हार्डपॉइंटमध्येही मुख्य जागेवर नजर टाकणारी अशी धाकटी जागा जवळपास प्रत्येक वेळी असते : समोरची खिडकी, जिन्याचा वळसा, कंटेनरचं छत. ती शत्रूच्या हातात असताना आत उड्या मारणं फुकट जातं. आधी ती घ्यावी, मग आत शिरावं.

टेकडी बदलण्याचा क्रम बहुतेक आवृत्त्यांत ठरलेला असतो. तो पाठ नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. नकाशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १० सेकंदांच्या आसपास लागतात, वाटेत मेलात तर रिस्पॉनची भर. म्हणून घड्याळात १५ ते २० सेकंद उरले की तिघांनी पुढच्या जागेकडे निघायचं, चौथ्याने वाट रोखायची आणि पाचव्याने जुन्या टेकडीवर उरलेले गुण वेचायचे. तो मेला तरी बिघडत नाही. तिघे आधीच पुढे पोचलेले असतील तर गेम त्यालाही बहुधा त्यांच्याजवळ उभा करतो. हे न करणाऱ्या टीमची खूण ठरलेली असते. जुन्या टेकडीवरचे शेवटचे ५ गुण घ्यायला पाचही जण थांबतात, मग नव्या टेकडीवर आधीच बसलेल्या चौघांना हलवण्यात निम्मं मिनिट जातं.

१ ऑक्टोबर २०१९ला ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाईल’ आला आणि हे दोन्ही मोड फोनवर पोचले. तोवर नागपुरात सायबर कॅफेतलं ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि नंतर पबजी, हीच मुख्य शाळा होती. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाईलवर बंदी आल्यावर बरेच जण इकडे वळले, पण बॅटल रॉयलची जपून, लपून खेळण्याची सवय सोबत घेऊन. त्या सवयीला झेंडा नीट जमत नाही. इथे मरण स्वस्त आहे, वेळ महाग. गुणांची मर्यादा फोनवर आणि रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यांत वेगळी असू शकते, म्हणून सामना सुरू होताना पडद्यावरचा आकडा पाहून वरचं गणित पुन्हा मांडावं.

फोनच्या काही अडचणी मात्र इथल्या हवेच्या आहेत. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, आणि आयफोनसाठी कंपनीनेच सांगितलेली हवेची मर्यादा ३५ अंशांची आहे. फोन तापला की चिप स्वतःचा वेग कमी करते, फ्रेम गळतात म्हणजे पडद्यावरची हालचाल अडखळते, आणि हे नेमकं सामन्याच्या उत्तरार्धात होतं. कव्हर काढावं, चार्जिंग आधी उरकावं, ग्राफिक्स सगळ्यात खाली आणि फ्रेम रेट जमेल तितका वर ठेवावा. कूलरच्या थेट झोतात बसू नये. दमट हवेने काच आणि अंगठा ओलसर होतो, आणि निशाणा फिरवताना बोट अडखळतं किंवा घसरतं. झोत बाजूने घ्यावा, किंवा बोटांना कापडी स्लीव्ह घालावी. लाईट गेल्यावर वायफायवरून मोबाईल डेटावर जाताना जी काही सेकंदं जातात, तेवढ्यात टेकडी हातची जाते. राउटरला लहान यूपीएस लावणं हा त्यावर सरळ उपाय आहे.

बोलण्याची पद्धतही ठरवून घ्यावी. ‘इकडे आलेत, इकडे!’ याचा कोणालाच उपयोग नाही. आधी जागा, मग संख्या, मग दिशा : ‘बी वर दोन, जिन्यातून एक.’ आणि मेल्यावर राग काढत बसण्याऐवजी मारणारा कुठे होता तेवढंच सांगून गप्प बसावं.

सरावासाठी खासगी रूम उघडावी आणि शत्रूशिवाय एकच नकाशा घ्यावा. एकाने टेकडीत उभं राहायचं, बाकी चौघांनी एकेका दारातून, खिडकीतून तो दिसतो का ते पाहायचं. जिथून पूर्ण दिसतो त्या जागा वहीत लिहाव्यात, आणि शेजारी टेकड्यांचा क्रम. मग घड्याळ लावून प्रत्येक टेकडीपासून पुढच्या टेकडीपर्यंत धावून पाहावं आणि लागलेले सेकंद त्याच पानावर टिपावेत. पुढच्या सामन्यात किती सेकंद उरले असताना निघायचं, ते त्या आकड्यांवरून ठरवावं.