भोपळा (क्रिकेट)

भोपळा : क्रिकेटमध्ये एकही धाव न काढता बाद झालेल्या फलंदाजाच्या नावापुढे जे शून्य पडते, त्यास मराठीत रूढ असलेले नाव. ‘भोपळ्यावर बाद होणे’, ‘भोपळा मिळणे’ आणि पहिली धाव निघाली की ‘भोपळा फोडणे’ ही त्याची नेहमीची रूपे. इंग्रजीतील ‘डक’ हा शब्द क्रीडावृत्तांत चालतो. मैदानावर मात्र भोपळाच चालतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांपुरती आहे. नाशिक परिसरातील संदर्भ ओघाने आले आहेत.

शब्दाचे मूळ : ‘डक’ हे ‘डक्स एग’, म्हणजे बदकाचे अंडे, याचे आखूड रूप असून अंड्याच्या व शून्याच्या आकारातील साम्यावरून ते आले, याबद्दल फारसे दुमत नाही. दुमत आहे ते केव्हा व कसे याबद्दल. जुलै १८६६ मध्ये इंग्लंडचे तत्कालीन युवराज (पुढे सातवे एडवर्ड) शून्यावर बाद झाले आणि ते ‘बदकाच्या अंड्यावर’ तंबूत परतले, असे एका वृत्तपत्राने लिहिले; शब्दाचा उगम तेथेच, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही कथा चटकदार असली तरी उगम म्हणून ती टिकत नाही. अशी कोटी वाचकाला कळायची, तर शब्द आधीच लोकांच्या तोंडी असला पाहिजे. अमेरिकेत बेसबॉलमध्ये याच अर्थी हंसाचे अंडे आले. टेनिसमधील ‘लव्ह’ फ्रेंच भाषेतील अंड्यावरून आल्याचे सांगतात, पण ती व्युत्पत्ती बहुतेक कोशकारांना मान्य नाही.

मराठीत शून्याला क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून घरचे नाव होते, ते म्हणजे ‘पूज्य’. मोल्सवर्थच्या कोशात ते या अर्थाने नोंदलेले असून ‘एकावर पूज्य दहा’ ही उजळणी म्हणणारी पिढी अजून हयात आहे. तरीही फलंदाज पूज्यावर बाद झाला असे कोणी म्हणत नाही. पूज्य पाटीवरच राहिले आणि मैदान भोपळ्याने घेतले.

भोपळाच का, याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले आकाराचे : गोल गरगरीत शून्य. दुसरे पोकळपणाचे. वाळलेला भोपळा आतून रिकामा असतो, म्हणूनच त्याचा तंबोरा होतो आणि ‘भ्रमाचा भोपळा’ फुटतो. तिसरे विधीचे : शुभकार्याच्या आरंभी किंवा दृष्ट काढताना कोहळा फोडतात, तशी डावाच्या आरंभी पहिली धाव. तिसरे स्पष्टीकरण ऐकायला बरे वाटते. पण कोहळा आणि भोपळा यांत मराठी माणूस स्वयंपाकघरात किंवा देवळात गल्लत करत नाही, ती मैदानावरच का करील? आकाराचे स्पष्टीकरण साधे आहे आणि तेच ग्राह्य धरण्याजोगे दिसते. क्रम बहुधा असा असावा : गणिताच्या पेपरात मिळणारा भोपळा आधीचा, मैदानावरचा नंतरचा. परीक्षेतला भोपळा मिळाला की मिळाला, तो फोडायची सोय नसते. तेव्हा ‘फोडणे’ ही क्रिकेटने घातलेली भर म्हणावी लागते. आणि एक विसंगतीही लक्षात घ्यावी : भ्रमाचा भोपळा फुटला तर माणूस ओशाळतो, धावफलकावरचा फुटला तर टाळ्या पडतात.

नाशिककडे आणखी एक गंमत आहे. भाजीच्या तांबड्या भोपळ्याला या भागात आणि खानदेशात पुष्कळ घरी डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ. भद्रकालीच्या बाजारात डांगराची फाक मागणारा मुलगा संध्याकाळी मैदानावर मात्र ‘भोपळा फोड रे’ असेच ओरडतो. ‘डांगर फोड’ कोणी म्हणत नाही. क्रिकेटमधला शब्द बोलीतून उगवला नसून तो छापील व आकाशवाणीवरील मराठीतून, पायचीत व त्रिफळाचीत यांच्या बरोबरीने आला असावा, याला या वापराने थोडी पुष्टी मिळते.

शून्याचा विषय निघाला की नाशिकच्या अभ्यासकाची पावले पांडवलेण्यांकडे वळतात. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत दानाचे आकडे अक्षरांत व अंकांत दोन्ही प्रकारे कोरलेले आहेत : तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी), आठ हजार नारळीची झाडे, आणि पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) या दराने दोन हजार सुवर्णांच्या मोलाचे सत्तर हजार कार्षापण. या अंकांत शून्य नाही. दहा, वीस, सत्तर, शंभर, हजार यांना प्रत्येकी वेगळे चिन्ह असून सत्तर हजार लिहिण्यासाठी हजाराच्या चिन्हाला सत्तराचे चिन्ह जोडले आहे. लेखांतील ४१, ४२, ४५ ही वर्षे शककालाची मानावीत की नहपानाच्या राज्यारोहणापासूनची, हा वाद जुना आहे. पहिल्या मतानुसार लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात जातात, दुसऱ्यानुसार बहुधा पहिल्या शतकात. अलीकडे दुसऱ्या मताकडे कल वाढलेला दिसतो. कसेही असले तरी शून्याशी गणित कसे करावे याचे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिलेले नियम त्यानंतर काही शतकांनी आले. उषवदाताच्या लेखनिकाला धावफलक लिहायला दिला असता, तर भोपळ्यासाठी त्याच्याजवळ अंकचिन्ह नव्हते.

नियम व नोंद : भोपळा होण्यासाठी बाद होणे आवश्यक आहे. शून्यावर नाबाद राहिलेला किंवा दुखापतीमुळे निवृत्त झालेला फलंदाज यात धरत नाहीत. लेगबाय पळून काढला तरी ती धाव अवांतरात जाते, फलंदाजाचा भोपळा तसाच राहतो. पहिल्याच चेंडूवर बाद झाल्यास ‘गोल्डन’, एकही चेंडू न खेळता बाद झाल्यास ‘डायमंड’ अशी विशेषणे इंग्रजीतून आली आहेत. दुसरा प्रकार बहुधा समोरच्या टोकाला धावबाद झाल्याने घडतो. वाइड चेंडू फलंदाजाच्या खाती खेळलेला म्हणून धरत नाहीत, त्यामुळे वाइडवर यष्टीचीत होऊनही तो घडू शकतो. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत बांगलादेशाविरुद्ध श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज वेळेत चेंडू खेळायला तयार न झाल्याने बाद दिला गेला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा विलंबामुळे बाद होण्याचे ते पहिलेच उदाहरण. गल्लीत पहिला चेंडू ‘ट्राय’ धरून गोल्डन भोपळ्याची सोयच काढून टाकतात.

सरासरीचा एक गुंता येथे नोंदवावा. एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागून सरासरी काढतात. कधीच बाद न झालेल्या फलंदाजाच्या बाबतीत भाजक शून्य येतो आणि रकान्यात आडवी रेघ मारतात. अशा राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

सर्वाधिक भोपळे : विक्रम श्रीलंकेच्या सनथ जयसूर्याचा आहे : ४४५ सामने, ४३३ डाव, ३४ भोपळे. त्याच कारकिर्दीत १३,४३० धावा व २८ शतके आहेत, हे सोबत वाचले नाही तर आकडा फसवतो. पाकिस्तानचा शाहीद आफ्रिदी ३० भोपळ्यांसह दुसरा (३६९ डाव). वसीम अक्रम व महेला जयवर्धने यांचे प्रत्येकी २८. पण अक्रमचे २८० डावांत, जयवर्धनेचे ४१८ डावांत. त्यांच्यामागे लसिथ मलिंगा (२६), प्रत्येकी २५ भोपळ्यांचे मुथय्या मुरलीधरन, चमिंडा वास व ख्रिस गेल, आणि रोमेश कालुवितरणा (२४).

या नऊ जणांत सहा श्रीलंकेचे आहेत. १९९० नंतरच्या दोन दशकांत तो संघ एकदिवसीय सामने भरपूर खेळला, हे एक कारण. दुसरे खेळण्याच्या पद्धतीत आहे. सुरुवातीच्या षटकांत क्षेत्ररक्षक वर्तुळात असताना चेंडू त्यांच्या डोक्यावरून मारायचा, हे जयसूर्या व कालुवितरणा यांचे १९९६ च्या विश्वचषकातील धोरण होते. त्याची किंमत १३ मार्च १९९६ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला दिसली. जवागल श्रीनाथच्या पहिल्याच षटकात कालुवितरणाने चेंडू थर्ड मॅनकडे उडवला, मांजरेकरने झेलला, धावा शून्य. त्याच षटकात जयसूर्याही त्याच दिशेला प्रसादच्या हाती गेला. त्याने एक धाव काढली होती, म्हणून त्या दिवसाचा भोपळा त्याच्या चौतीसांत नाही. सामना आणि पुढे विश्वचषक श्रीलंकेनेच जिंकला.

केवळ संख्येवरून क्रम लावण्याऐवजी किती डावांमागे एक भोपळा असे पाहिले, तर चित्र उलटते. जयसूर्याचा सुमारे तेरा डावांमागे एक पडतो, मलिंगाचा पाच डावही होत नाहीत तोच एक (११९ डावांत २६). मुरलीधरन साडेसहावर आहे. शेवटच्या षटकांत येऊन पहिल्याच चेंडूला बॅट फिरवायची हे या दोघा गोलंदाजांचे कामच होते. त्यांना आणि सलामीवीरांना एका यादीत बसवणे ही कोष्टकाची सोय आहे, क्रिकेटची नव्हे. सलग चार डावांत शून्यावर बाद झालेल्यांतही गस लोगी हा फलंदाज आहे, तर प्रमोद्या विक्रमसिंघे व हेन्री ओलोंगा हे गोलंदाज.

भारतीयांत सचिन तेंडुलकरचे २० (४५२ डाव), श्रीनाथचे १९ (१२१ डाव), अनिल कुंबळे व युवराज सिंग यांचे प्रत्येकी १८. तेंडुलकरचे पहिले दोन एकदिवसीय डावच भोपळ्याचे : १८ डिसेंबर १९८९ ला गुजरांवाला येथे आणि १ मार्च १९९० ला ड्युनेडिन येथे. महेंद्रसिंग धोनी डिसेंबर २००४ मध्ये चितगावला पदार्पणातच शून्यावर धावबाद झाला. मार्च २०२३ मध्ये सूर्यकुमार यादव ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबई, विशाखापट्टणम व चेन्नई अशा सलग तीन सामन्यांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. भोपळ्यांची गर्दी म्हणावी तर १८ जून १९८३ : टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध गावसकर व श्रीकांत हे दोन्ही सलामीवीर शून्यावर गेले, ५ बाद १७ झाले, आणि मग कपिलदेव १७५ वर नाबाद राहिला.

भोपळा टाळणाऱ्यांत केप्लर वेसल्स अग्रभागी आहे. १०५ डावांत एकदाही नाही. यशपाल शर्मा ४० डावांत कधी शून्यावर गेला नाही. राहुल द्रविडने सलग १२० डाव भोपळ्याविना काढले.

नाशिकमध्ये : येथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात, पुरुषांचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झालेला नाही. लोकांच्या तोंडी अद्याप गोल्फ क्लब मैदान हेच नाव आहे. नाशिकमध्ये ४ एप्रिल १९३३ रोजी जन्मलेले बापू नाडकर्णी १९६८ मध्ये कसोटीतून निवृत्त झाले आणि पहिला एकदिवसीय सामना १९७१ चा, त्यामुळे वरील यादीशी त्यांचा संबंध येत नाही. शून्याशी मात्र येतो, तो गोलंदाजाच्या बाजूने. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ निर्धाव षटके टाकली. त्या डावातील पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, एकही बळी नाही. धाव न निघालेल्या चेंडूला गुणलेखक टिंब देतो आणि षटकाची सहा टिंबे जोडून इंग्रजी ‘एम’ काढतो. त्या दिवशीच्या वहीत असे २१ ‘एम’ एका ओळीत येतात, आणि बळींच्या रकान्यात एक पूज्य.