कायरोप्रॅक्टिक: पद्धती अनेक, खात्रीचं साहित्य विखुरलेलं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाला उसण भरली, तर सल्ले द्यायला माणसांची वाण नसते. कुणी पायाळू माणूस गाठून कमरेला पाय लावून घ्यायला सांगतं, कुणी तालमीतल्या वस्तादाचं नाव सुचवतं, कुणी गावच्या हाडवैद्याचं, कुणी सरळ मिरजेला जा म्हणतं. अलीकडे त्यात मोबाइलवरच्या रीलची भर पडली आहे. टेबलावर पालथा पडलेला माणूस, मानेला एक हिसका, कट्‌ असा आवाज, आणि उठून बसलेल्या पेशंटचं हसू. खाली लिहिलेलं असतं ‘कायरोप्रॅक्टिक’, म्हणजे मणके आणि सांधे हाताने दाबून किंवा हिसका देऊन करायचा उपचार. आता यातली कोणती पद्धत कशासाठी वापरतात, ती कुणी तपासली, आणि हे खात्रीने कुठे वाचायला मिळेल, असं विचारलं तर फिजिओथेरपी शिकणारी मुलंसुद्धा अडखळतात. त्यात त्यांचा दोष थोडा. या विषयाचं साहित्य जवळपास ऐंशी वर्षं वैद्यकीय ग्रंथालयांच्या बाहेर वाढलं. आज शोधणाऱ्याची जी दमछाक होते, तिचं मूळ तिथे आहे.

हाताने सांधे बसवण्याची विद्या जगात सगळीकडे होती आणि बहुतेक ठिकाणी ती लिहिलेली नव्हती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे, निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडं यांचे वेगवेगळे प्रकार दिलेले आहेत. पण गावोगावच्या हाडवैद्यांची कला घराण्यात, हातातून हातात गेली. इंग्लंडातही तसंच होतं. तिथले हाडं बसवणारे अडाणी समजले जात, तरी सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदाने १८६७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या व्याख्यानात आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं की हे लोक काही रुग्ण खरोखर बरे करतात, त्यांच्याकडून शिका. चार वर्षांनी व्हार्टन हूड या डॉक्टरने एका हाडवैद्याकडून शिकलेल्या युक्त्या ‘लॅन्सेट’मध्ये लिहून काढल्या. म्हणजे ही कला वैद्यकीय नियतकालिकांत यायला सुरुवात झाली होती.

अमेरिकेत मात्र तिने वेगळी वाट धरली.

१८९४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओचा विल्यम वॉनलेस हा मिशनरी डॉक्टर मिरजेत रुग्णालय उभं करत होता. त्याच ओंटारिओत जन्मलेला डॅनियल डेव्हिड पामर तेव्हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, चुंबकीय उपचारक, म्हणजे आपल्या हातातल्या कथित शक्तीने रोग बरे करणारा, म्हणून दुकान मांडून बसला होता. वॉनलेस न्यूयॉर्कला वैद्यक शिकून आलेला. पामरकडे वैद्यकाची पदवी नव्हती. १८ सप्टेंबर १८९५ रोजी पामरने इमारतीचा सफाई कामगार हार्वी लिलार्ड याच्या पाठीचा एक मणका दाबून ‘जागेवर’ आणला आणि वर्षानुवर्षं ऐकू न येणाऱ्या लिलार्डला ऐकू येऊ लागलं, अशी कायरोप्रॅक्टिकची जन्मकथा सांगतात. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत निराळी आहे: गप्पा मारताना पामरने वडिलांच्या पाठीवर थाप मारली, आणि मग वडील म्हणाले की जरा बरं ऐकू येतंय. कानाची नस मणक्यांतून जात नाही, हे शरीररचनेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पहिल्याच रुग्णाची नोंद दोन तऱ्हेची, आणि त्या वेळी तपासून लिहिलेली एकही नाही. पुढच्या साहित्याबद्दल हे बरंच सांगून जातं.

पामरने १८९७ मध्ये शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगात गेला. १९१० च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात दावा आहे की शंभरातले पंच्याण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. शाळा त्याच्या मुलाकडे, बार्टलेट जोशुआ तथा बी. जे. पामरकडे गेली आणि खरा विस्तार या मुलाने केला. बी. जे. हा जाहिरातीचा पक्का माणूस. शाळेचा स्वतःचा छापखाना, त्यातून पत्रकांचा आणि पुस्तकांचा ओघ. १९२२ मध्ये त्याने एक रेडिओ केंद्रही विकत घेतलं. आजच्या रीलचे आजोबा शोधायचे असतील तर ते इथे सापडतील. १९२४ मध्ये त्याने पाठीच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक मोजणारं ‘न्यूरोकॅलोमीटर’ आणलं. ते विकायचं नाही, भारी रकमेच्या करारावर भाड्याने द्यायचं. त्यावरून शाळेतले काही शिक्षक बाहेर पडले आणि त्यांनी इंडियानापोलिसला वेगळं महाविद्यालय काढलं.

माझ्या मते पद्धतींच्या गोंधळाची गुरुकिल्ली याच घटनेत आहे. तंत्र हे ज्ञान म्हणून प्रसिद्ध झालं नाही, मालकीची वस्तू म्हणून विकलं गेलं. विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेबच्या क्लॅरेन्स गॉन्स्टेडची एक पद्धत, नेब्रास्काच्या डीजार्नेटची ‘सॅक्रो ऑक्सिपिटल’, क्ले थॉम्पसनची खाली पडणाऱ्या तुकड्यांच्या टेबलाची, १९६० च्या दशकात आर्लन फुर आणि वॉरन ली यांनी आणलेली ‘अॅक्टिव्हेटर’ या स्प्रिंगच्या छोट्या उपकरणाची, जेम्स कॉक्सची कंबर ताणून वाकवणारी. प्रत्येकीचं नाव संस्थापकाचं नाहीतर उपकरणाचं. प्रत्येकीचे वेगळे वर्ग, वेगळी प्रमाणपत्रं, वेगळी पुस्तिका. पुस्तिका लिहिणारा तोच, शिकवणारा तोच, टेबल विकणाराही बऱ्याचदा तोच. आपल्या तालमींतही वस्तादागणिक डाव बदलतात, पण तिथे निदान दोन तालमींची कुस्ती लागते आणि कोण चीत झालं ते सगळ्यांना दिसतं. या पद्धतींची आपसांत कुस्ती फारशी लागलीच नाही. सगळ्या पद्धती एकत्र ठेवून कशाला किती आधार आहे हे पाहणारं, रॉबर्ट कूपरस्टाइन आणि ब्रायन ग्लेबरझॉन यांचं ‘टेक्निक सिस्टिम्स इन कायरोप्रॅक्टिक’ हे पुस्तक आलं ते २००४ मध्ये, म्हणजे पामरच्या त्या दिवसानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

दुसऱ्या बाजूने वैद्यकीय जगाने दार लावून घेतलं होतं. वैद्यकीय लेखांची सूची, ‘इंडेक्स मेडिकस’, १८७९ पासून निघत होती. कायरोप्रॅक्टिकच्या नियतकालिकांना तिच्यात जागा नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिक मोडीत काढणं हे तिचं मोठं काम झालं. संघटनेच्या नीतिनियमांनुसार डॉक्टरांनी या मंडळींशी व्यावसायिक संबंध ठेवणं गैर होतं. चेस्टर विल्क आणि इतर कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी निकाल दिला की हा बेकायदेशीर बहिष्कार होता. १९९० मध्ये अपिलातही तो टिकला. हा निकाल व्यापारातल्या मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा होता. उपचार गुणकारी आहेत, असं न्यायालयाने ठरवलं नव्हतं, तरी आजही कित्येक जाहिरातींत तो तसा वापरला जातो.

वाद चालू असतानाच आतून सुधारणा सुरू झाली होती. १९७५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थांनी मणक्यांच्या हस्तोपचारावरच्या संशोधनाची परिषद भरवली. डॉक्टर, ऑस्टिओपॅथ (हाताने हाडं-स्नायूंवर उपचार करणारी दुसरी एक शाखा) आणि कायरोप्रॅक्टर एका खोलीत बसले. १९७८ मध्ये शिकागोजवळच्या नॅशनल कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टिकने ‘जर्नल ऑफ मॅनिप्युलेटिव्ह अँड फिजिऑलॉजिकल थेराप्युटिक्स’ सुरू केलं आणि ‘इंडेक्स मेडिकस’ने घेतलेलं ते या क्षेत्रातलं पहिलं नियतकालिक ठरलं. जे लेख तिथे येत नव्हते त्यांच्यासाठी कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी स्वतःच ‘इंडेक्स टू कायरोप्रॅक्टिक लिटरेचर’ ही सूची घडवली. ग्रंथपालांचं हे काम फारसं कुणाला माहीत नसतं, पण एखाद्या विशिष्ट तंत्राचं वर्णन हवं असेल तर ते पबमेडपेक्षा, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीपेक्षा, ग्रंथपालांच्या या सूचीत सापडण्याची शक्यता जास्त. पबमेड १९९७ पासून सगळ्यांना मोफत आहे. फिजिओथेरपीच्या, रुग्णांवर झालेल्या चाचण्यांना दर्जाप्रमाणे गुण देणारा सिडनीचा ‘पेड्रो’ हा साठा १९९९ चा, तोही मोफत. ‘कायरोप्रॅक्टिक अँड मॅन्युअल थेरपीज’ आणि कॅनडाच्या कायरोप्रॅक्टिक संघटनेचं नियतकालिक, दोन्ही पैसे न देता वाचता येतात.

एवढं हाती असूनही माणूस चकतो, कारण तो एकाच ठिकाणी तीन वेगळे प्रश्न घेऊन जातो. अमुक तंत्र कसं करतात, हे त्या तंत्राच्या पाठ्यपुस्तकात नीट सापडतं, मालकीचं असलं तरी. त्याने गुण येतो का, याचं उत्तर त्याच पुस्तकात शोधणं म्हणजे विक्रेत्यालाच मालाची परीक्षा करायला सांगणं. त्यासाठी अनेक चाचण्या एकत्र तपासणारे आढावे पाहावे लागतात. २०१९ मध्ये ‘बीएमजे’त, म्हणजे त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये, सिडनी रुबिन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या, एकूण ९,२११ रुग्ण, एकत्र पाहिले. मणक्यांच्या हस्तोपचाराचा परिणाम व्यायामासारख्या शिफारशीतल्या उपचारांइतकाच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेतही या उपचाराला अटीसह होकार आहे. पण गोम इथेच आहे: अशा आढाव्यांत वेगवेगळी तंत्रं, कायरोप्रॅक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, सगळे एकाच टोपलीत पडतात. त्यामुळे ‘गॉन्स्टेड चांगली की अॅक्टिव्हेटर’ याचं उत्तर त्यांतून निघत नाही, आणि कंबरदुखीचा निष्कर्ष दाखवून दमा किंवा लहान मुलांचं रडणं बरं करण्याचा दावा करताच येत नाही. ब्रिटनमध्ये याच मुद्द्यावर विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये लेख लिहिला. तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला आणि २०१० मध्ये तो मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनेही मान्य केलं की ‘सरकलेला मणका’ ही ऐतिहासिक कल्पना आहे, तो रोगांचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही.

आणि तो आवाज! रील चालतात ते आवाजावर. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा, अशी समजूत इथल्या हाडवैद्याकडे जाणाऱ्यांचीही असते. १९४७ मध्ये रॉस्टन आणि हेन्स यांनी बोटं मोडताना क्ष-किरण चित्रं काढली, १९७१ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी, २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाच्या गटाने एमआरआयखाली तोच खेळ पाहिला. सांध्यातल्या द्रवात दाब घटून वायूची पोकळी होते, तिचा हा आवाज. पोकळी तयार होताना होतो की फुटताना, यावर त्यांच्यात मतभेद आहेत; हाड सरकून बसल्याचा तो आवाज आहे, असं त्यांतल्या कुणीही म्हटलेलं नाही.

तिसरा प्रश्न धोक्याचा. कंबरेवरच्या उपचारानंतर दिवसभर अंग दुखणं नेहमीचं आणि सौम्य. मानेच्या हिसक्याची गोष्ट गंभीर, कारण मानेतली रक्तवाहिनी आतून चिरली तर पक्षाघात होऊ शकतो. कॅनडात २००८ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळलं की अशा पक्षाघाताआधी कायरोप्रॅक्टरकडे गेल्याचा जितका संबंध दिसतो तितकाच साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेल्याचाही दिसतो. म्हणजे चिरलेल्या वाहिनीमुळेच मान दुखू लागून माणूस आधी तिकडे गेला असावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये तरीही सांगितलं की रुग्णाला या शक्यतेची कल्पना आधी द्यावी. हे दोन संदर्भ शेजारी ठेवून वाचावेत. एकच वाचणारा एकतर घाबरतो नाहीतर बेफिकीर होतो.

सातारा-सांगलीच्या वाचकाला संदर्भ म्हणजे काय हे नव्याने सांगायची गरज खरं तर नाही. मराठी विश्वकोश वाईतच घडला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. नोंदीखाली लेखकाचं नाव आणि आधारग्रंथ द्यायची त्याची शिस्त आहे. कायरोप्रॅक्टिकवर इंटरनेटवर जे मराठी मजकूर फिरतात त्यांतल्या बहुतेकांवर ना लेखक, ना आधार, ना तारीख. खाली फक्त अपॉइंटमेंटचा नंबर.

मूळ लेख हवे असतील तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचं कृष्णा विद्यापीठ इथले ग्रंथपाल हे पहिले विचारायचे लोक. २०२५ पासून सरकारी संस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाल्याने महागडी नियतकालिकंही सरकारी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली आहेत. बाहेरच्या वाचकाला गोषवारे आणि मोफत नियतकालिकं पुष्कळ पुरतात.

करणाऱ्याची पात्रता तपासणं मात्र आपल्याकडे अवघड आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्याने १९१३ मध्येच कायरोप्रॅक्टरांसाठी परवान्याचा कायदा केला, शेवटचं राज्य लुईझियाना १९७४ मध्ये आलं. ब्रिटनचा कायदा १९९४ चा. भारतात कायरोप्रॅक्टरांची वैधानिक नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची राज्य परिषद आहे, त्यामुळे पाटीवरचा माणूस नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आहे का, एवढं विचारता येतं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल, तर शेजारी जागतिक आरोग्य संघटनेचा २००५ चा आकडा ठेवून पाहावा: आधी वैद्यकीय शिक्षण नसलेल्याला किमान ४,२०० तास, आधीच आरोग्यक्षेत्रात असलेल्याला किमान २,२०० तास, आणि दोघांनाही त्यांतले १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर.