उजेड स्वस्त झाला, अंधार महागला

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरात भाच्याकडे गेलो होतो. नव्या फ्लॅटच्या हॉललाच त्याने थिएटर केलंय. छताला प्रोजेक्टर, समोर १०० इंची पडदा, खोक्यावर ठळक अक्षरांत ४००० लुमेन, म्हणजे उजेडाचं माप. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, फरशी पांढरी आणि वर चकचकीत. भर दुपारी तीनला त्याने सिनेमा लावला. प्रसंग रात्रीचा होता, पण पडद्यावर सगळी राख पसरलेली. "मामा, अजून जास्त लुमेनचा घ्यायला हवा होता का?" त्याने विचारलं.

नव्हता. पण असा प्रश्न पडावा यात नवल नाही. पडद्यावर चित्र पाडणाऱ्यांना जवळजवळ शंभर वर्षं एकच विवंचना होती, की उजेड पुरत नाही. दुकानदार अजून त्याच हिशेबाने माल विकतो.

कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्यासमोर धरायची आणि भिंगातून पडद्यावर मोठी करायची. पुढे ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आली आणि उजेडाची ओढाताण आणखी वाढली. फिल्मची एक चौकट जाऊन दुसरी येईपर्यंत उजेड अडवावाच लागतो, नाहीतर चित्र फरफटतं. ते काम फिरतं शटर करतं. बोलपटांबरोबर सेकंदाला २४ चौकटी ठरल्या. लुकलुक जाणवू नये म्हणून प्रत्येक चौकट दोनदा दाखवायची पद्धत पडली. या सगळ्यात दिव्याचा जवळजवळ निम्मा उजेड शटरच गिळायचं.

मग दिवाही तसाच दांडगा लागला. कार्बनच्या दोन कांड्या, मध्ये बोटभरही नाही एवढं अंतर, आणि त्या फटीत विजेचा लखलखाट. कांड्या जळून झिजत, तसं अंतर सांभाळत बसणं हे ऑपरेटरचं काम. अंतर चुकलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं, म्हणून केबिनमध्ये मशिनं दोन. उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू करायचं. दोन्ही मशिनांचा उजेड जुळत नसला तर नायिकेचा चेहरा एका रिळात गोरा आणि पुढच्या रिळात काविळीचा. १९५० च्या दशकात झेनॉन वायूचे दिवे आले आणि ही कटकट हळूहळू मिटली. गावोगावी पोचायला त्यांना बराच वेळ लागला, ही गोष्ट वेगळी.

सोलापूर हे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी १८७७ ची. पाळी सुटली की खेळाला जाणारा प्रेक्षक इथे तयारच होता. पूर्व भागात तेलुगू बोलणारं विणकरांचं मोठं गाव वसलेलं, त्यामुळे तेलुगू चित्रपटांनाही गर्दी. भागवत टॉकीजच्या आवारातल्या पडद्यांशी निदान दोन पिढ्यांच्या आठवणी बांधलेल्या आहेत. जुन्या टॉकीजच्या आतली रचना आठवून बघा. भिंती गडद रंगाच्या, दारांना जाड पडदे, डोअरकीपरची बॅटरी खाली पायाकडे वळवलेली, आणि पांढऱ्या पडद्याला चारही बाजूंनी काळ्या कापडाची चौकट. टुरिंग टॉकीजवाला तर सूर्य मावळेपर्यंत खेळ सुरूच करायचा नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधारातला फरक, हा शब्द यातल्या कुणी उच्चारलाही नसेल. हातात जेमतेम उजेड, तो वाया घालवणं परवडत नव्हतं, म्हणून अंधार जपला जात होता.

घराकडे ही वाट वळली ती अमेरिकेत. हेन्री क्लॉस यांनी १९७२ मध्ये घरगुती प्रोजेक्शन टीव्ही बाजारात आणला. लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या. तिन्ही चित्रं पडद्यावर तंतोतंत एकावर एक बसवायची. पुढे याच जातीचे मोठे प्रोजेक्टर आले. वजन असं की उचलायला माणसं लागत, आणि उजेड अगदी बेताचा. पण काळा रंग मात्र खरा काळा, कारण चित्रात जिथे अंधार तिथे नळी पेटतच नसे. आपल्याकडे तेव्हा ही चैन कुठली! १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, मग भाड्याचा व्हीसीआर, मग सीडी. त्या सीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. मोठ्या पडद्यावर टाकलं तर चेहऱ्याचे चौकोन मोजावेत.

खरा उलटफेर झाला तो चिपांमुळे. एप्सनने १९८९ मध्ये तीन एलसीडी पट्ट्यांचा छोटा प्रोजेक्टर काढला. त्याआधी दोन वर्षं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चिप बनवली होती. १९९६ पासून ती डीएलपी नावाने प्रोजेक्टरांत आली. लाखो आरसे, प्रत्येक आरसा म्हणजे एक ठिपका, सेकंदात हजारो वेळा झुकणारा. सोलापुरी माणसाला हे समजवायला फार कष्ट नाहीत. जकार्ड मागावर चादरीची नक्षी चढवताना आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरतात. दोरा वर की खाली, एवढाच प्रश्न. इथे दोऱ्याच्या जागी उजेड.

१९९५ मध्ये फिलिप्सचा छोटा पण प्रखर पाऱ्याचा दिवा आला, पुढे लेझर आलं, आणि उजेडाचा दुष्काळ संपला. मात्र एक गोष्ट हातची गेली. नळी विझायची, हे दिवे विझत नाहीत. दिवा सतत जळतो आणि चिप तो अडवते, पण पुरता अडवत नाही, थोडा झिरपतोच. म्हणून सुरुवातीच्या डिजिटल प्रोजेक्टरांवर रात्र करडी दिसे. करड्या रंगाचे पडदे निघाले ते हे झाकायलाच. आजच्या चिपा खूप सुधारल्यात. खोली मात्र सुधारावी असं कुणालाच वाटत नाही.

भाच्याला हिशेब करून दाखवला. १०० इंची पडदा म्हणजे सुमारे ३० चौरस फूट. थिएटरच्या पडद्यासाठी पूर्वापार १६ फूट-लॅम्बर्टचं माप धरतात, म्हणजे चौरस फुटाला १६ लुमेन. साध्या पांढऱ्या पडद्यावर गुणाकार होतो ४८०. दिवा जुना होईल म्हणून दुप्पट धरा, रंग नीट लावताना आणखी थोडा जाईल तो धरा, तरी दीड-दोन हजार खरे लुमेन रगड झाले. पडद्यावरून उसळलेला उजेड त्याच्या पांढऱ्या भिंतींवर आणि छतावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि चित्रातला अंधार धुऊन टाकतो. खिडकी बंद केली तरी हे थांबत नाही. हे लोकांना पटतच नाही, मीही आधी मानत नव्हतो.

त्याने 'डायनॅमिक' मोड लावला होता. पाऱ्याच्या दिव्यात हिरवा जास्त, लाल कमी. तो तोल सावरायचा सोडला की उजेड वाढतो आणि माणसं शेवाळलेली दिसतात. मोड 'सिनेमा' केला, रंगतापमान, म्हणजे पांढऱ्यातली निळी-पिवळी झाक, ६५०० केल्विनच्या जवळ आणलं. एचडीटीव्हीच्या रंगांचं माप १९९० मध्ये ठरलं तेव्हा पांढरा याच ठिकाणी बसवला होता. प्रोजेक्टर तिरका बसवून कीस्टोन नावाच्या यंत्रातल्याच सोयीने चित्र सरळ केलं होतं. त्यात चिपचे ठिपके फुकट जातात आणि रेषा मऊ पडतात. छताचा स्टँड चार इंच सरकवला, कीस्टोन शून्यावर आणला. आणि फिल्टर काढून झटकला. इथली धूळ, त्यात मे महिन्यातला ४२ अंशांचा पारा. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत ३५ ते ४० अंशांचीच मर्यादा लिहिलेली असते.

राहिली खिडकी. ताईने ट्रंकेतून दोन गडद निळ्या सोलापुरी चादरी काढून दिल्या. तिसरी मागितली तर म्हणाली, "ती लग्नातली आहे, खिळ्याला टांगायची नाही." दोन चादरी एकावर एक लागल्या तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. मघाचाच प्रसंग पुन्हा लावला, तर विहिरीच्या कठड्यामागे एक माणूस उभा होता. पहिल्या वेळी तो आम्हाला कुणालाच दिसला नव्हता.