ऑनलाइन दाव्यांची पुराव्यानिशी पारख (कोकण किनारा)

समाजमाध्यमांवरून आलेला दावा ऐकून मनात भीती, संताप किंवा कळवळा किती दाटला यावर न जाता, त्यामागे तपासून पाहता येईल असे काय आहे हे विचारण्याच्या पद्धतीला पुराव्यानिशी पारख म्हणतात. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी तो करणाऱ्याची असते. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून जाणणे) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेले) अशी चार प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, मानली, आणि शब्द प्रमाण ठरण्यासाठी सांगणारा आप्त, म्हणजे विषय जाणणारा व जसे आहे तसे सांगणारा असावा, अशी अट घातली. हातोहात पुढे ढकललेल्या संदेशात मूळ सांगणाराच सापडत नाही, त्यामुळे ही अट तेथे आधीच मोडलेली असते. पाठवणारा सख्खा मामा असला तरी माहिती त्याने स्वतः पाहिलेली असतेच असे नाही.

कोकणात हे दावे वारंवार पाऊस, समुद्र आणि दरडी यांविषयी असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. हे ज्यांनी सोसले त्यांची भीती खरी आहे, आणि गावच्या घराच्या काळजीने मुंबईतल्या चाकरमान्याने मिळेल तो व्हिडिओ पुढे पाठवावा हेही स्वाभाविक आहे. मात्र आज पाणी कोठवर चढले, हे त्या भीतीवरून ठरत नाही.

‘अष्टमीला दुपारी बारा वाजता साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असा संदेश उदाहरणादाखल घेता येईल. भरती-ओहोटीच्या तक्त्यातील मीटरचा आकडा हा ठरावीक आधारपातळीपासून मोजलेली भरतीच्या पाण्याची उंची असतो. लाटांची उंची वाऱ्यावर अवलंबून असते आणि तिचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्रविषयक माहिती देणारी सरकारी संस्था वेगळा देते. शिवाय किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने काढतात. त्या हिशेबाने अष्टमीची भरती सहाच्या सुमारास येते, तीही भांगाची, म्हणजे बेताची, आणि दुपारी बाराला ओहोटी असते. जुन्या जाणत्यांचा हा आडाखा पुरावा म्हणून चालतो, कारण जेट्टीवर उभे राहून तो कोणालाही पडताळता येतो.

‘ढगफुटी’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो. हवामान विभागाच्या निकषानुसार साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी होय, म्हणून पर्जन्यमापकाच्या नोंदीशिवाय ती झाली असे म्हणता येत नाही. व्हिडिओबाबत कधीकधी नुसते निरखून पाहणे पुरते: खुल्या समुद्रातून सूर्य वर येत असेल तर तो किनारा कोकणचा नाही, कारण येथे समुद्र पश्चिमेला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धक्के जाणवू लागले, पण भूकंपाची नेमकी तारीख-वेळ आधी सांगण्याची पद्धत आज कोणाकडेही नाही, त्यामुळे तशी वेळ देणारा संदेश तेवढ्यावरूनच बाद ठरतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. हवामान विभाग किंवा जिल्हा प्रशासन इशारा देते तेव्हा तो देणारा माहीत असतो आणि उशिराची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून असा इशारा त्यांच्याच अधिकृत माध्यमावर असल्याची खात्री झाली की लगेच पाळावा. डोंगरउतारावर नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा झाडे व विजेचे खांब कलू लागले, तर ती दरडीची प्रत्यक्ष चिन्हे आहेत आणि घर सोडायला तेवढा पुरावा पुरेसा आहे.